चिखल तुडवत दारापर्यंत आलेल्यांना

आशाताई, सिस्टर आणि आरोग्यसेवक दादा,
सप्रेम नमस्कार.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत गाळ, वीज नाही, आणि कोविड तर कुठे गेलाच नव्हता. मदतीचे टेम्पो पुष्कळ आले, त्यांचेही आभार आहेतच. पण तुम्ही हातात काही ठेवायच्या आधी विचारत होतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टोचा ताप, होऊ नये म्हणून द्यायच्या डॉक्सीसायक्लिनचंच बघा. गाळ उपसणाऱ्या मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, आठवड्यातून एकदाच. पाच मिनिटांत गल्ली उरकली असती. तुम्ही मात्र दर दारात आधी "जेवलात का?" विचारलंत. उपाशीपोटी, घोटभर पाण्यावर गिळली की ही कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, छातीत जळजळतं आणि पुढच्या आठवड्याच्या कॅप्सूल कोनाड्यातच राहतात. म्हणून खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुसरा प्रश्न बाईला बाजूला घेऊन, हळू आवाजात: "पाळी चुकलीय का?" गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत, त्यांना दुसरं. सासऱ्यांसमोर विचारलं असतं तर उत्तर "नाही" असंच आलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

ताप लगेच येणार नाही, हेही तुम्हीच बजावलंत. लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून गाळात, तिथून पायाच्या भेगांतून अंगात. ताप बहुतेक एक-दोन आठवड्यांनी. तोवर अंगदुखीचं खापर माणूस फावड्यावर फोडतो. पोटऱ्या दाबल्या की कळ, डोळे लाल, लघवी कमी: तडक दवाखाना.

पत्र्याने, काचेने पाय कापले तेव्हा "टाके घाला" म्हणून लोक तुमच्यावरच तापले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. आत घाण राहून वरून शिवलेली जखम आतून पिकते, एवढं समजावून साबणपाण्याने धुतलीत, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंत, पट्टी बांधलीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला आलात.

केसपेपर गाळात गेले होते. एका सिस्टरनी लगदा झालेल्या फाइलची पानं पदराने टिपून एकेक सुटी केली, गोळीचं नाव लागतंय का बघत. जिथे लागलं नाही तिथे विचारलं: सकाळी घ्यायचात की रात्री, अर्धी की अख्खी? अंदाजाने शुगरची गोळी दिली आणि माणूस उपाशी असला तर साखर उतरून तो कोसळतो. फ्रिज बंद, तर इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात, माठाला टेकून. बर्फात नाही, गोठलं की ते निकामी.

आणि विहिरी. पोतंभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतून मोकळं होणारे आम्ही पाहिलेत. तुम्ही आधी विहीर उपसायला लावलीत, कारण गढूळ पाण्यात गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. नवं पाणी भरल्यावर दोरी सोडून खोली मोजलीत. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ७८५, की लिटर मिळतात. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर. बादलीत आधी पेस्ट, मग पाणी, दहा मिनिटं थांबून वरची निवळीच विहिरीत. खालचा चुना टाकून द्यायचा, नाहीतर पाणी जड होतं. पोतं दमट जागी उघडं राहिलं असेल तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि सगळी मेहनत वाया. तासाभराने नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारे, थेंब टाकलेत. पहिल्यांदा रंग आलाच नाही. कुणी बघत नव्हतं, तरी पुन्हा मात्रा घातलीत. दुसऱ्या खेपेला पिवळा आला तेव्हा ती नळी जमलेल्या बायकांच्या हातात दिलीत, त्यांनीच बघावी म्हणून.

विहिरीच्या कठड्यावर आम्ही आता ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: "व्यास ३ मीटर. पाणी ४ मीटर असेल तर टीसीएल ७० ग्रॅम." पुढच्या खेपेला तुम्हाला फक्त दोरी सोडावी लागेल. दोरी कठड्याच्या खुंटीलाच टांगली आहे.

आपले,
चिपळूणचे पूरग्रस्त रहिवासी