शंकावहीबद्दल आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचा पहिला खर्डा गेल्या महिन्यात पुरा झाला. त्यात आपला वाटा किती, हे आपल्याला ठाऊक नसावे. कारण आपण सांगितलेल्या गोष्टी इतक्या साध्या होत्या की सांगून आपण त्या विसरूनही गेला असाल.

दोन वर्षांपूर्वी मी आपल्याकडे आले, तेव्हा नोकरी आणि घर यांतून लिहायला वेळच मिळत नाही, हे माझे एकच गाऱ्हाणे होते. आपण मुळीच हळहळला नाहीत, याचे तेव्हा वाईट वाटले होते. कादंबरीसाठी घेतलेल्या आठ दिवसांच्या रजेत किती पाने झाली, एवढेच आपण विचारलेत. खरे उत्तर ‘दीड’ असे होते, आणि तेही तिसऱ्या दिवशी मी फाडून टाकले होते. उरलेले दिवस टेबल आवरण्यात, जुने कागद चाळण्यात आणि ‘हे कोण वाचणार’ या विचारात गेले होते. वेळेची अडचण खोटी नव्हती, पण तिच्या आड माझी भीती बिनबोभाट राहत होती आणि मोकळा दिवस मिळताच समोर येऊन बसत होती, हे त्या एका प्रश्नाने माझ्या लक्षात आले.

मग आपण रोजची पंचवीस मिनिटे ठरवून दिलीत. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसणाऱ्या, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्दांचा हिशेब पाळणाऱ्या आणि 47 कादंबऱ्या मागे ठेवून गेलेल्या इंग्रज लेखक अँथनी ट्रॉलप यांचे उदाहरणही दिलेत. स्पष्ट सांगते, त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. ते आकडे ऐकून उरलासुरला धीरही खचला. उपयोग झाला तो आपल्या दुसऱ्या सूचनेचा, रोज वाक्य अर्धे सोडून उठण्याचा. पूर्वी पंचवीसपैकी दहा मिनिटे कालच्या मजकुराला नावे ठेवण्यात जात. आता अर्धे वाक्य पुरे करता करताच हात चालू लागतो.

सर्वांत मोठे ऋण मात्र शंकावहीचे आहे. लिहिताना मनात येणारी प्रत्येक शंका वेगळ्या वहीत टिपायची, तिथे थांबायचे नाही, आणि महिनाअखेरीस प्रत्येक नोंदीपुढे ती कथेविषयी आहे की लेखिकेविषयी, एवढेच लिहायचे, असे आपण सांगितले होतेत. पहिल्या महिन्यात 41 नोंदी झाल्या. त्यांतल्या 32 ‘मला भाषा येत नाही’, ‘माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही’ अशा थाटाच्या होत्या, आणि त्यांवर करण्याजोगे काहीच नव्हते. उरलेल्या नऊ अस्सल निघाल्या. धाकटी बहीण घर का सोडते, हे तिसऱ्या प्रकरणात पटत नाही, ही त्यांतलीच एक. ते प्रकरण मी चार वेळा लिहिले, आणि बहीण घर सोडत नाही, तिला निघून जायला सांगितले जाते, हे चौथ्या खेपेला उमगले. पुढची सगळी कादंबरी त्या एका गोष्टीवर उभी आहे. शंका आली म्हणून मी लिहिणे सोडले असते, किंवा शंका दडपून पुढे रेटले असते, तर ती हाती लागली नसती.

शंका गेलेल्या नाहीत. पुढे पुलित्झर पारितोषिक मिळालेली कादंबरी लिहीत असताना, 1938 साली, अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांनीही आपण लेखक नाहीच असे रोजनिशीत लिहून ठेवले होते, हे आपणच सांगितलेत. ते मला ट्रॉलप यांच्या घड्याळापेक्षा फार जवळचे वाटते.

खर्ड्याची प्रत पुढच्या आठवड्यात आपल्याकडे पाठवत आहे. शंकावहीतल्या दोन नोंदी अजून सुटलेल्या नाहीत. त्या कोणत्या, हे मुद्दाम कळवत नाही. वाचताना आपली पेन्सिल त्याच जागी थांबते का, हे मला पाहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी