बाँडायची शिल्पे बघायची तर दुपारी उशिरा

महोदय,

दिवाळीच्या सुटीत सिडनीला लेकाकडे, लेकीकडे जाणारे आईवडील आता बरेच असतात. तिथल्या बाँडाय या समुद्रकिनाऱ्याचे ‘स्कल्प्चर बाय द सी’ हे 1997 मध्ये सुरू झालेले विनामूल्य शिल्पप्रदर्शन साधारणतः याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरते. शिल्पे मांडतात ती बाँडाय ते तामारामा या शेजारच्या किनाऱ्यापर्यंतची कड्याकाठची वाट जेमतेम दोन किलोमीटर. पण पायऱ्या आणि चढ गुडघ्यांना जाणवतात. बाँडाय जंक्शनपर्यंत ट्रेन, पुढे 333 क्रमांकाची बस. गाडी नेऊच नये, पार्किंग मिळत नाही.

सगळे सकाळीच जा म्हणतात. गर्दी टळते, हे खरे. पण समुद्र पूर्वेला असल्याने सूर्य शिल्पांमागून येतो आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. दुपारी तीननंतर ऊन पाठीशी असते, तेव्हा पोलादावरची झिलई आणि दगडावरचे छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. घाई असेल तर निदान वाटेवरचे मार्क्स पार्क चुकवू नये. तिथे हिरवळीवर शिल्पाभोवती चारही बाजूंनी फिरता येते. सावली जवळजवळ नाहीच. टोपी वाऱ्याने उडते, दोरीची घ्यावी. आणि नातवंडांना शिल्पांवर चढवू नये, फोटोसाठीसुद्धा!

– एक वाचक, सिडनी