डॉक्टर मॅडम, कोंबड्यांना पिसं आली

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली खरी, पण तोवर तग धरण्याइतका पैसा माझ्याकडे नव्हता. मी कोंबड्यांच्या खाद्यातली सोयापेंड काढून शेंगदाणा पेंड घातली. वहीत प्रोटीन तेवढंच, १७ टक्के, म्हणून निर्धास्त होतो. महिन्याभरात बाराशे कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या, अंडी बारीक झाली. कुणी म्हणालं चोची कापा, कुणी म्हणालं मीठ वाढवा. मी प्रोटीनच आणखी वाढवलं, तर लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला तुसाचा थर, ओलं होऊन अमोनियाने डोळे झोंबायला लागले.

तुम्ही आलात आणि आधी शेडमध्ये उकिडव्या बसून तूस चाळलीत. "एवढी पिसं गळतात, मग खाली एकही कसं नाही? यांच्या पोटात गेलीत सगळी." मी रोज दोनदा तिथूनच चालत होतो, मला ते कधी दिसलं नव्हतं.

मग तुम्ही माळेचं सांगितलंत. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. लाल मणी संपले की काळे कितीही उरोत, माळ तिथेच अडते. मका-सोयाच्या खाद्यातही सगळ्यात आधी मेथिओनिन हा गंधकवाला मणीच कमी पडतो. शेंगदाणा पेंडीत ते आणखी कमी, वर लायसिन या दुसऱ्या मण्याचीही ओढ. पीस बनायला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात, ती कमी पडली म्हणून कोंबड्या एकमेकींची पिसं खात होत्या. आणि माळेत न बसलेलं प्रोटीन युरिक आम्ल होऊन लिटरमध्ये पडत होतं. त्याचाच अमोनिया होऊन डोळे झोंबत होते.

टनाला दीड किलो डीएल-मेथिओनिन आणि थोडं लायसिन, एवढंच लिहून दिलंत. पावडर थेट मिक्सरमध्ये न टाकता आधी वीस किलो मक्याच्या भरड्यात हाताने मिसळायला लावलीत. शिजवलेल्या कोबीसारखा तो वास दोन दिवस बोटांना होता. उलट प्रोटीन तुम्ही कमीच केलंत, आणि शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचं बजावलंत ते वेगळंच.

काही आठवड्यांनी पाठीवर नव्या पिसांचे निळसर खुंट दिसले. मी बायकोला हाक मारून दाखवले. ती रडली, मॅडम. शेडचं कर्ज तिच्या नावावर होतं.

तुम्ही फी घेतली नाहीत, कुठल्या कंपनीचं नावही सुचवलं नाहीत. मनापासून आभार. इकडे आलात तर शेडवर नक्की या. पाण्याच्या निपलखालची तूस मुठीत धरून बघा, आता भुरभुरीत आहे.

आपला,
एक लेअर (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारा) शेतकरी