क्वांटमसाठी आधी लिनिअर अल्जेब्रा

प्रति, संपादक,
महोदय,

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून नाशिकमध्येही बारावीचे पालक विचारतात, क्वांटम कॉम्प्युटिंगसाठी इंजिनिअरिंगची कोणती शाखा घ्यावी? मुलाला संशोधक व्हायचे असेल, तर त्याला भौतिकशास्त्राची वाट जास्त सरळ पडते.

बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचे बीएस-एमएस करता येते. ते हुकले तर इथेच बीएस्सी करावी आणि तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीतली जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी. पीएचडीसाठी पुढे नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा असते. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायची गरज नाही. मात्र पीएचडीची पाच-सहा वर्षे आणि नंतरचे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद) धरले, तर कायम नोकरीला तिशी उलटते. हे घरी आधीच बोलून ठेवावे.

पीएचडीचा मार्गदर्शक निवडताना सगळ्यांत मोठी चूक होते. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे मूळ एकक. सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) क्यूबिटची प्रयोगशाळा म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १०-२० मिलिकेल्विन तापमान, पंप, वायरिंग आणि गळती शोधण्यात जाणारे आठवडे. अल्गोरिदमचे काम कागदावर आणि संगणकावर चालते. एकात रमणारा दुसऱ्यात रमेलच असे नाही, आणि मधेच विषय बदलला तर वर्षे जातात.

दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा घरचा लॅपटॉप अधिक शिकवतो. त्यावर क्वांटम संगणकाची नक्कल करताना क्यूबिट एकाने वाढला की लागणारी मेमरी दुप्पट होते. २० क्यूबिटची संपूर्ण स्थिती १६ एमबीत मावते, ३० ला १६ जीबी लागतात. अशा नकलेसाठी किस्किट हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात शून्य क्रमांकाचा क्यूबिट उत्तरात उजवीकडे येतो. हे माहीत नसले की मुले उत्तर उलटे वाचतात आणि सर्किटमध्ये नसलेली चूक शोधत बसतात. लिनिअर अल्जेब्रातला, म्हणजे सदिश आणि मॅट्रिक्सच्या गणितातला, टेन्सर गुणाकार (अनेक क्यूबिटच्या स्थिती एकत्र मांडायची रीत) पक्का झालेला असेल, तर हा घोळ पाच मिनिटांत कळतो.

म्हणून गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या विज्ञान महाविद्यालयांना विनंती आहे. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दोन तास लिनिअर अल्जेब्रा पायथॉनवर करून घ्यावे आणि जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घ्याव्यात. संगणक कक्ष आहेत, शिक्षकही आहेत. फक्त वेळापत्रकात जागा हवी.

आपला,
एक भौतिकशास्त्र शिक्षक, नाशिक