सगळ्यालाच ‘पित्त’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पचनाच्या तक्रारींवरचा लेख माझ्या यजमानांनी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवला. तिसऱ्या परिच्छेदाशी येऊन ते थांबले, चष्मा काढला आणि पेपर माझ्याकडे सरकवला. ‘पित्ताशयात पित्त वाढले की छातीत जळजळ होते व अंगावर गांधी उठतात,’ असं तिथे छापलंय. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आज पूजा आटोपल्याबरोबर लिहायला बसले.

हे वाक्य साफ चूक आहे. तीन वेगळी दुखणी तुमच्या लेखकानं एका दावणीला बांधली, आणि तीही केवळ मराठीत तिन्हींना एकच शब्द चालतो म्हणून. मी इंदूरला शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. एका शब्दाला किती अर्थ असतात हे मुलांना कौतुकानं सांगितलं. पण याच शब्दापायी माझ्या घरात माणूस जाता जाता राहिला, त्यामुळे इथे मला गप्प बसवत नाही.

आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा छातीत, घशाशी जळजळतं, आंबट पाणी येतं. ते आंबट पाणी जठरात तयार होतं. रोज दीड-दोन लिटर पाचकरस जठर तयार करतं आणि त्यातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. जठराला स्वतःला ते भाजत नाही, कारण आतून चिकट बुळबुळीत थराचं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नसतं, म्हणून आम्ल वर चढलं की जळतं. खरं पित्त निराळंच. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयाच्या छोट्या पिशवीत साठतं आणि जेवणातलं तूप-तेल फोडायला लहान आतड्यात उतरतं, भांड्याचा तेलकटपणा साबणानं सुटावा तसं. ते आंबटही नसतं. पित्ताशयात खडे झाले तर उजव्या बरगडीखाली कळ येते, बहुतेक वेळा तळकट जेवणानंतर. आणि गांधी ही तर कातडीवरची अॅलर्जीची गोष्ट. आई आम्हाला आमसुलाचं पाणी चोळायची, त्यानं थंड वाटायचं, पण त्याचा पित्ताशयाशी काही संबंध नाही.

आता आमच्या घरचं सांगते. ह्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

2019 साली ह्यांचे गुडघे फार धरले. बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी नेहरू पार्कात दोन फेऱ्या मारल्याशिवाय चैन न पडणारा माणूस. ओळखीच्या औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणायला लागले, सुरुवातीला लागेल तशी, मग रोज दोन. होळीनंतर रात्रीचं जळजळणं सुरू झालं. अडीच-तीनला उठायचे, पलंगाच्या कडेला बसायचे, एक हात बरगडीखाली मधोमध दाबून धरलेला. मी फ्रिजमधलं दूध स्टीलच्या पेल्यात द्यायचे. पेला रिकामा होईतो चेहरा सैल पडायचा आणि मी म्हणायचे, बघा, पित्तच होतं. तासाभरानं पुन्हा पलंगाची लाकडी पट्टी करकरायची. तुमच्या लेखात गार दूध हा पहिला उपाय दिलाय. दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण तेच दूध पुढे जठराला आणखी आम्ल तयार करायला लावतं, हे मला सात महिन्यांनी कळलं.

मे महिन्यात एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर हिंदीभाषक. मी इंदुरातच वाढलेली, हिंदी मला परकी नाही, पण दुखणं सांगताना तोंडातून आपलाच शब्द निघतो. मी म्हटलं, ‘इनको पित्त की बहुत तकलीफ है.’ डॉक्टर म्हणाले, ‘पित्त की थैली में? सोनोग्राफी करवा लेते हैं.’ सोनोग्राफी झाली. ‘थैली बिल्कुल साफ है, एक भी पथरी नहीं.’ आम्ही दोघं इतके सुटल्यासारखे झालो की येताना राजवाड्याजवळ उतरून पाव किलो पेढे घेतले. मी सांगत होते जठराचं, ते बघत होते पित्ताशयाचं, आणि दोघंही ‘पित्त’च म्हणत होतो. गुडघ्याच्या गोळ्यांचं ना त्यांनी विचारलं, ना आम्हाला सांगायचं सुचलं. गुडघ्याचा आणि पोटाचा काय संबंध, असंच आम्हाला वाटत होतं.

संबंध असा की जठराच्या अस्तराचा तो चिकट थर शरीर ज्या द्रव्यांच्या जोरावर राखतं, तीच द्रव्यं दुखण्याच्या बऱ्याचशा गोळ्या कमी करतात. दुखणं थांबतं, पण अस्तर विरळ होत जातं आणि आम्ल थेट मांसाला लागतं. हे तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात एका ओळीत मावलं असतं.

पावसाळ्यात हे थकायला लागले. दोन जिने चढताना मध्ये थांबायचे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या खाली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठे, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. डॉक्टरांना पडला नाही आणि आम्हालाही नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो असं कोणीसं ह्यांना सांगितलं होतं. त्यामुळे रंग खरोखरच काळा झाला तेव्हा हे निर्धास्त राहिले. मला बोलले नाहीत, मुलाला बोलले नाहीत. आपल्याकडे शौचाबद्दल बोलतं कोण? सून घरात आहे, नातवंडं आहेत.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पहाटे बाथरूममधून धप्पकन आवाज आला. दार ढकललं तर हे भिंतीला टेकून बसलेले, कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक. आणि जे पडलं होतं ते डांबरासारखं काळं, चकचकीत, चिकट. तो वास मी जन्मात विसरणार नाही. दोन बादल्या पाणी ओतलं तरी फरशीवरून हलेना. लोहाच्या गोळ्यांनी रंग बदलतो, पण असा चिकटपणा आणि असा वास येत नाही. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर!

हिमोग्लोबिन 5.8 होतं. तीन पिशव्या रक्त चढवलं. दुपारी पोटात दुर्बीण घातली तेव्हा जठरातून लहान आतडं सुरू होतं तिथेच व्रण सापडला, त्यातून रक्त झिरपत होतं. त्याच दुर्बिणीतून सुई देऊन आणि बारीकशी क्लिप लावून रक्त थांबवलं. मग त्या तरुण डॉक्टरांनी केस पेपरच्या पाठीमागे पेननं पोट काढून मला सगळं समजावलं. वरच्या भागात रक्त गेलं की आम्लानं आणि पुढच्या सात-आठ मीटरच्या आतड्याच्या प्रवासात ते काळं पडतं, म्हणून लाल दिसत नाही. रिकाम्या पोटी आणि रात्री दुखणं, खाल्लं की थांबणं, ही त्या जागच्या व्रणाची बऱ्याचदा खूण असते. तो पेन्सिलीच्या शिशाएवढा काळा ठिपका त्यांनी कागदावर ज्या जागी काढला, बरोबर तिथेच ह्यांचा हात सात महिने दाबलेला असायचा. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

तुमचा लेख म्हणतो की इंदूरकरांना पोटाची दुखणी होतात ती पोहे-जिलबी, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला, सेव आणि सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यामुळे. ह्याच समजुतीनं मी त्या सात महिन्यांत ह्यांना नको नको ते बोलले. पुतण्याच्या साखरपुड्यात एक कचोरी खाल्ली म्हणून चारचौघांत टोकलं. घरात तिखट बंद, फोडणी बंद, मुगाची खिचडी आणि दुधीभोपळा. ते निमूट जेवायचे. आणि जठराच्या अस्तरातून काढलेल्या तुकड्यात निघाला एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तिखटानं जळजळ वाढते, अवेळी जड खाल्लं तर त्रास होतो, हे कबूल. पण जठराच्या आणि त्यापुढच्या व्रणांची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. ह्यांना दोन्ही होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हा जंतू शोधला. लोक ऐकेनात तेव्हा मार्शल यांनी 1984 साली जंतू कालवलेलं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आणि आपल्या पुरवणीत अजून सगळा दोष बिचाऱ्या जिरावणाला!

ह्यांना चौदा दिवस जंतूची औषधं दिली, गुडघ्याच्या त्या गोळ्या कायमच्या बंद केल्या, पुढे जंतू गेला की नाही ते पुन्हा तपासलं. आज ते एकाहत्तरी ओलांडून गेले आहेत आणि रविवारी पोहे-जिलबी खातात. मी वाढते.

आणखी एक सांगायचंय. त्या लेखाला लागूनच पाव पान चूर्णाची जाहिरात आहे, ‘पोटाच्या प्रत्येक विकारावर’ म्हणून. लेखात अकरा घरगुती उपाय आणि शेजारी चूर्ण. उपाय थांबवून डॉक्टरकडे कधी धावायचं, याबद्दल पानभर शोधूनही अक्षर सापडलं नाही. त्यातून हे सगळं केशरी रंगावर पांढऱ्या बारीक टायपात. पोटाची दुखणी ज्या वयात जास्त, त्या वयाच्या माणसांना तो टाइप भिंग घेऊनही वाचता येत नाही. यजमानांनी गॅलरीच्या उन्हात नेऊन वाचला. ही तक्रार मी गेल्या वर्षीही कळवली होती.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच जागी, पांढऱ्यावर काळ्या ठळक टायपात दुरुस्ती छापावी. जळजळ जठरातल्या आम्लानं होते, पित्ताशयातल्या पित्तानं नव्हे. दुखण्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी पोटाचं दुखणं अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांना त्या गोळ्यांचं नाव आधी सांगावं. गिळताना अडकत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर दूध-सोडा करत बसू नये. छातीत दडपण येऊन घाम फुटला तर ते हृदयाचं असू शकतं, त्यालाही ‘पित्त’ म्हणून झोपू नये. आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावं, घरात सांगायला लाज वाटली तरी.

माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत. याही वेळी जागा कमी पडली तर नोबेलचं कापा, पेढ्यांचं कापा, माझ्या शाळेचं कापा. डांबराचं वाक्य तेवढं ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर