दादांसाठी इसबगोल

ती. आईस सा. न.

दादांचं पोट साफ होत नाही म्हणून तू इसबगोलाचं विचारलंस. फोनवर मापं विसरायला होतात, म्हणून लिहून पाठवते.

आणताना सत इसबगोल आण, म्हणजे बियांवरची नुसती पांढरी सालं. चवीच्या पुडीत बहुधा साखर असते. दादांना शुगर आहे, ती नको.

पहिला आठवडा दिवसातून एकदाच, चहाचा एक सपाट चमचा, दोनेक ग्रॅम. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, गॅस होतो. सोसलं तर पुढच्या आठवड्यात सकाळी एक, संध्याकाळी एक. पाण्यात घोटून लगेच प्यायचं. दोन-चार मिनिटांत त्याची खळ होते. कोरडं तोंडात टाकू देऊ नकोस, घशातच फुगून अडकतं. घेतल्यावर लगेच आडवंही व्हायचं नाही.

खरं काम पाणी करतं. ही सालं पाणी धरून ठेवतात, म्हणून खडा मऊ होतो. प्रत्येक चमच्यामागे मोठा पेलाभर, पाव लिटर पाणी हवंच. ते कमी पडलं तर उलट जास्त घट्ट होतं, आणि मग लोक इसबगोलाला नावं ठेवतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची वेळ आली तरी दादांच्या पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नका.

नुसतं प्यायला ते कंटाळतील, तर भाकरीत घाल. इकडे गव्हाशिवायच्या पावाला चिकटपणा यावा म्हणून इसबगोलच घालतात. ज्वारीचं तसंच आहे: पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेला चिरते. दोन वाट्या पिठाला दोन चमचे सालं कोरडीच मिसळ, कोमट पाण्यात मळ, दहा मिनिटं झाकून ठेव. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त लागेल. सालं जास्त झाली तर भाकरी आतून ओलसर, चिवट राहते. वरणात घालायचं तर ताटात वाढल्यावर. उकळत्या पातेल्यात गुठळ्या होतात. आणि पीठ चाळून कोंडा टाकू नकोस, तोही पोटाच्याच कामाचा.

गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. साखर अधूनमधून तपासा, थोडी उतरू शकते.

पोटात कळ, उलटी, वारा सरेनासा झाला, शौचातून रक्त दिसलं, तर इसबगोल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गिळताना ठसका लागत असेल तर सुरूच करू नकोस, आधी मला कळव.

तुझी लेक