डाव्या कुशीसाठी आभार

प्रिय मावशी,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून हे लिहून आणि सगळ्यांसमोर. नाव घालत नाही. सुदामा नगरातल्या आपल्या गल्लीला ते कळेलच.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा भेटायला येणाऱ्यांची कमी नव्हती. कुणी साडेसाती काढली, कुणी पत्रिका मागितली. एका काकांनी तर बाबांच्या उशाशी बसून, "कुणाचं तरी मन दुखावलं असणार," असं निदानच करून टाकलं. बाबांना बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. फॅमिली ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. रात्री दवाखान्यात कोण थांबणार असं विचारल्यावर तो एकदम उघडला.

जन्मांध माणसाकडे बघून येशूच्या शिष्यांनीही हेच विचारलं होतं म्हणे: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं सांगितलं, दोघांचंही नाही. हे तुमच्याकडून कळलं तेव्हा वाटलं, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तो नववा अध्याय काकांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा.

बाबांना घरी आणल्यावर तुम्ही आलात. आईला म्हणालात, "वहिनी, मी यांच्यासाठी प्रार्थना करते. तुम्हाला चालेल ना?" आई हो म्हणाली. मग तुम्ही विचारलंत, "काय मागू?"

आई गडबडली. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. जो तो "सगळं ठीक होईल" म्हणून मोकळा. जरा वेळानं ती म्हणाली, "यांना कूस बदलता येऊ दे. पाठ लाल झालीय."

"डावी की उजवी?"

"डावी. उजवं अंग गेलंय ना, तिकडून वळताच येत नाही."

तुम्ही पर्समधून जुनं वीजबिल काढलंत आणि त्याच्या पाठीवर लिहून घेतलंत: डावी कूस. मावशी, त्या दोन शब्दांनी आईला जो धीर आला, तो आम्हा पोरांना देता आला नव्हता.

पुढे तुम्ही यरीहोच्या बार्तीमयाची गोष्ट सांगितलीत. माणूस आंधळा, रस्त्याकडेला बसून ओरडतोय. काय हवंय ते कुणालाही दिसावं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आणि त्या पक्षाघाती माणसाची, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडलं. मार्कानं लिहिलंय, येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्याला स्वतःला विश्वास होता की नव्हता, त्याची चौकशी नाही. मला देवाचं फारसं कळत नाही, पण बाबांचं त्या दिवसांत धीर धरायचंही बळ गेलं होतं. तेव्हा तो दुसऱ्या कुणी धरला, हे मला पटतं.

शिवाय तुमची प्रार्थना घरी बसून राहिली नाही. रोज दुपारी येऊन, पदर खोचून, आईबरोबर बाबांना कुशीवर वळवायला तुम्ही हात लावलात. नुसतं "ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणून काय उपयोग, असं याकोबाच्या पत्रात आहे ना, तसं.

त्या काकांसाठीही तुम्ही प्रार्थना करता हे कळल्यावर मी चिडले होते, खरं सांगते. तेव्हा तुम्ही कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांचं नाव काढलंत. 1995 मध्ये उदयनगरजवळ त्यांना भोसकून मारलं, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉलनी, तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. 2017 मध्ये इथेच इंदुरात चर्चनं राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तेव्हा तुम्ही गेला होतात. माझं मन एवढं मोठं नाही. काकांशी मी अजून जेवढ्यास तेवढंच बोलते.

बाबा आता आपले आपण वळतात, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. श्रेय फिजिओथेरपीवाल्या मुलाचं, असं तुम्हीच ठासून सांगता. असेल. आम्ही हिशोब मांडत नाही.

आणि हो, पुढच्या महिन्यात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आई खजराण्याच्या गणपतीला नारळ वाहणार म्हणतेय. तुम्हाला चालेल ना, ते आधी विचारून घे म्हणाली.

तुमची,
खालच्या मजल्यावरची